सोहमशी तूच बोल

साखळी, गोवा
श्रावण

प्रिय मंगेश,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, "पोरगा हातातून गेला रे," आणि तेवढ्यात लाइन तुटली. मग व्हॉट्सअॅपवर लिहायला घेतलं, पण हे दोन-चार ओळींत बसेना, म्हणून हे पत्र. तिकडे मस्कतला ड्युटी संपवून खोलीवर आल्यावर तू याच विचारात पडून राहत असशील, हे मला इथे बसून कळतं.

सोहम कुठेही गेलेला नाही. तो तेरा वर्षांचा झालाय आणि त्याचा आवाज फुटलाय. गेल्या वर्षी विठ्ठलापूरच्या देवळात सगळ्यांच्या वरचा सूर लावणारा मुलगा यंदा भजनाला जात नाही याचं तुला वाईट वाटतं. त्याला तुझ्याहून जास्त वाटत असेल. ज्या गळ्याचं सगळ्या वाड्याने कौतुक केलं, तोच गळा आता मध्येच फाटतो, चिरकतो. वृषणांतून टेस्टोस्टेरॉन वाढू लागलं की स्वरयंत्र मोठं होतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आणि मुलाचा आवाज साधारण एक सप्तक खाली उतरतो. गळ्याला ही नवी मापं सवयीची व्हायला काही महिने लागतात, कुणाला वर्षही लागतं. तोवर वरची पट्टी ताणून गायला लावू नये, सोसेल तेवढ्यातच हलकं गावं. "गा रे, लाजतोस काय?" असं वहिनी किंवा काकी पाहुण्यांसमोर म्हणत असतील तर तेवढं थांबवायला सांग. गणेशचवथीच्या आरत्यांना त्याच्या हातात वाजवायला मातीचं घुमट दे. ताल त्याच्या अंगात आहेच, आणि मंडळीत बसायची जागाही त्याला राहील.

शरीरातलं बाकीचं तुला वाटतं त्याच्या बरंच आधी सुरू झालेलं असतं. मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला इशारे देऊ लागतो आणि तिथून सगळी साखळी चालू होते. मुलींमध्ये ही सुरुवात आठ ते तेरा या वयात कधीही होते, मुलग्यांमध्ये नऊ ते चौदा. म्हणून सातवी-आठवीच्या एकाच बाकावर एक बाप्या दिसतो आणि शेजारी एक लहान पोर. दोघंही ठीक असतात, पण दोघंही मनातून घाबरलेले असतात. मुलग्यांत पहिली खूण म्हणजे वृषणांचा आकार वाढणं, ती बाहेरून कुणालाच दिसत नाही. उंची पुढे झपाट्याने वाढते, ऐन भरात वर्षाला नऊ-दहा सेंटिमीटरसुद्धा. हातपाय आधी लांबतात. पोरगा सारखा दाराला आपटतो, हातातून भांडी पाडतो, तो काही मुद्दाम करत नाही.

सोहम मधूनमधून माझ्या फार्मसीत येऊन बसतो. तो माझ्याशी जे बोलला ते मी तुला लिहिणार नाही, तसा शब्द दिलाय त्याला. इतर मुलांचं सांगतो, त्यावरून तू काय ते समज. काउंटरवर गर्दी ओसरेपर्यंत ही मुलं बाहेर स्कूटरला टेकून उभी राहतात. मग कुणी मुरुमांवर मलम मागतो, आणि नेमकं त्यातलं स्टेरॉइडचं नाव घेतो, कारण मित्राने लावलं आणि चेहरा उजळला. ते मी चिठ्ठीशिवाय देत नाही. त्याने चार दिवस बरं वाटतं, मग त्वचा पातळ होते आणि मुरूम दुप्पट जोमाने उठतात. कुणी छातीवर हात आडवा धरून विचारतो की इथे गाठ लागते, दुखते, मी मुलगी होतोय का? मंगेश, हा प्रश्न विचारणाऱ्या पोराचा चेहरा तू बघायला हवास. या वयात निम्म्याच्या आसपास मुलग्यांना स्तनाखाली अशी सूज येते, हार्मोन्सच्या चढउतारामुळे, आणि बहुतेकांची वर्ष-दोन वर्षांत आपोआप जाते. हे एक वाक्य कुणी सांगत नाही म्हणून मुलं पावसाळ्यात हरवळ्याच्या धबधब्यावर जायचं सोडतात, कारण तिथे शर्ट काढावा लागतो.

आणि सगळ्यात मोठी भीती झोपेत वीर्य बाहेर पडण्याची. आपल्याला काय वाटायचं ते आठव. अशक्तपणा येईल, आयुष्य संपलं, लग्न होणार नाही. भिंतींवरच्या जाहिराती आजही तेच सांगतात आणि पोरं पॉकेटमनी साठवून चूर्णं विकत घेतात. डॉ. नरेंद्र विग यांनी १९६० साली या भीतीला 'धात सिंड्रोम' असं नाव दिलं, म्हणजे डॉक्टरांना हे किती काळापासून माहीत आहे बघ. वीर्य सतत तयार होत असतं. ते झोपेत बाहेर पडलं किंवा मुलाने हस्तमैथुन केलं तरी शक्ती जात नाही, हाडं झिजत नाहीत, काही होत नाही. र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक काढून आपल्याच भाषेत असल्या गोष्टी उघडपणे लिहीत होते, त्यासाठी त्यांनी खटले सोसले. आपण मात्र घरच्या घरात गप्प. मुलीला निदान आई, आजी, आते काहीतरी सांगतात, अर्धंमुर्धं का असेना. मुलग्याला मोबाइल सांगतो, आणि मोबाइलवर जे दिसतं त्यात ना संमती असते ना माया. मला याचा खरंच राग येतो.

दार लावून घेण्याचं म्हणशील, तर त्या वयात एकांत लागतोच. ठोठावून आत जावं. रात्री उशिरापर्यंत जागतो म्हणून काकी बोलतात, पण या वयात झोप आणणारं मेलाटोनिनच उशिरा स्रवतं. झोप मात्र आठ ते दहा तास लागते आणि शाळा सकाळी लवकर भरते, मग चिडचिड होणारच. मोबाइल रात्री बाहेरच्या खोलीत ठेवायचा नियम कर, पण तो घरातल्या सगळ्यांना लागू असू दे. मित्रांचं ऐकतो, आमचं नाही, हेही वयाचंच. मजा आणि वाहवा हवी असणारा मेंदूचा भाग लवकर पेटतो, आवर घालणारा भाग पंचविशीपर्यंत पक्का होत राहतो. म्हणून स्कूटरची किल्ली मात्र अजिबात देऊ नको, तिथे मी तुझ्याइतकाच कडक आहे.

काळजी कधी करायची तेही लिहितो. मित्रही तोडले, जेवण सुटलं, आवडीचं काहीच नकोसं झालं, जगण्याला कंटाळल्यासारखं बोलू लागला, तर वाट पाहायची नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, बांबोळीला मनोरुग्णालय आहे, आणि मी इथे आहे, रात्री-अपरात्री फोन कर. सोहममध्ये आज यातलं काही मला दिसत नाही. तो माझ्याकडे हसतो, खातो, फुटबॉलवर तावातावाने बोलतो.

छोटीलाही आता दहावं चालू आहे. तिला पाळी येण्याआधी वहिनींनी सांगायला हवं, आणि सोहमलाही ते माहीत हवं. मी दुकानात पॅडचं पाकीट कागदात गुंडाळून देत नाही, तसंच देतो. तुझ्या घरात भावाने बहिणीला ते आणून द्यावं, एवढी साधी गोष्ट होऊ दे.

मी काका म्हणून त्याच्या प्रश्नांची उत्तरं देईन, पण तुझ्या तोंडून ऐकणं वेगळं. चवथीला चार दिवस आधी ये. गणपतीवर टांगायच्या माटोळीचं रानफळांचं सामान आणायला बाजारात न जाता त्याला घेऊन रानात जा. कवंडळं, कांगलां शोधताना दोघांची तोंडं झाडांकडे असतात, समोरासमोर बसून बोलण्यापेक्षा ते सोपं जातं. आधी स्वतःचं सांग, तेरा वर्षांचा असताना तुला कशाची भीती वाटायची ते. तो लगेच काही बोलणार नाही. बोलायला हवाच असं नाही, त्याने ऐकलं तरी पुष्कळ.

त्याच्या ओठावर लव चांगली काळी दिसायला लागलीय. तिकडून चॉकलेटं आणशीलच, सोबत एक साधं रेझर आण आणि दाढी कशी करायची ते तूच शिकव. तिकीट झालं की कळव, दाबोळीला उतरणार की मोपाला, त्याप्रमाणे मी गाडी घेऊन येतो.

तुझा,
दामू