तिसऱ्या आठवड्यातलं भाकीत

मंगळवार पेठ, कोल्हापूर
गुरुवार, रात्री साडेदहा

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू "कोडिंग माझ्या डोक्यातच नाही" म्हणालास आणि पप्पांनी फोन लगेच माझ्या हातात दिला. बायको वीस वर्षं फर्स्ट इयरला सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवते म्हणजे तिच्याकडं काहीतरी औषध असणार, असं त्यांना वाटतं. तू चिडलेला, मागं होस्टेलचा दंगा, त्यात मला धड बोलता आलं नाही. म्हणून लिहितेय.

आधी तुझा प्रोग्राम. फोटो मी चष्मा लावून दोनदा बघितला. ए मध्ये १०, बी मध्ये २०, अदलाबदल करायची. तू लिहिलंस ए = बी, खाली बी = ए, आणि दोन्हीकडं २० आले. पहिली ओळ चालली तेव्हाच बी मधले २० ए मध्ये आले आणि ए मधले १० पुसले गेले, हे तुझ्या ध्यानात आलं नाही. एवढंच झालंय. मी हे पूर्वी वाट्यांनी शिकवायचे. एकीत तांबडा, एकीत पांढरा, अदलाबदल करायची तर तिसरी रिकामी वाटी हवी. पोरं खूश. मग एका वर्षी पेपर तपासताना बघते तर ए = बी नंतर बी मध्ये किती, याला बऱ्याच जणांनी शून्य लिहिलेलं. त्यांचं तरी काय चुकलं? रस्सा ओतला की वाटी रिकामीच होते की! संगणकात ओतणं नसतं, झेरॉक्स असते, मूळ कागद जागच्या जागी राहतो. तेव्हापासून माझ्या वर्गात रस्सा बंद.

याच ए = बी वरून मी एक मोठी चूक केलेली आहे. तुला कधी सांगितली नव्हती.

२००६ साली लंडनच्या मिडलसेक्स विद्यापीठातल्या देहनादी आणि बोर्नाट या दोघांचं एक टिपण नेटवर फिरत होतं. म्हणणं असं, की कोर्स सुरू व्हायच्या आधीच मुलांना ए = १०, बी = २०, ए = बी असली गणितं घाला. उत्तर चुकलं तरी चालेल. पण प्रत्येक गणिताला मुलगा एकच नियम लावतोय का, ते बघा. लावणारे बहुतेक पास होतात, धरसोड करणारे बहुतेक नापास. प्रोग्रामिंगच्या मार्कांच्या आलेखाला दोन वशिंडांच्या उंटासारखे दोन उंचवटे असतात, ज्यांना जमतं ते आणि ज्यांना जमत नाही ते, असा त्याचा सगळा सूर. मला ते इतकं पटलं की झेरॉक्स काढून मी ती चाचणी माझ्या वर्गात घ्यायला लागले.

२००९ साली एका मुलीची उत्तरं सगळी धरसोडीची आली. पहिल्या टेस्टलाही मार्क कमी. मी तिला स्टाफरूममध्ये बोलावून म्हटलं, बाळ, तुझं गणित चांगलं आहे, ब्रँच बदलता येते का बघ. ती म्हणाली, "मॅडम, अजून तीनच आठवडे झालेत." दिवाळीनंतर ती माझ्या वर्गात नव्हती.

पुढं दुसऱ्यांनी तीच चाचणी आपल्याकडं घेऊन बघितली तर तसा निकाल येईना. २०१४ साली बोर्नाटनं स्वतःच लिहून तो दावा मागं घेतला. २०१६ साली कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या ७७८ कोर्सांचे मार्क तपासले गेले, तर दोन वशिंडांची शंका घ्यावी असे सहा टक्केसुद्धा निघाले नाहीत. बाकी आपला साधा एका उंचवट्याचा आलेख. मुलं दोन जातींची नव्हती. बघणाऱ्यांना तशी दिसत होती, त्यात मी एक.

पप्पांना हे सांगितलं तर म्हणाले, "उद्यमनगरात पोरगं लेथवर उभं राहिलं की आठ दिवसांत कळतं." मी विचारलं, आठ दिवसांत घालवून दिलेली पोरं पुढं काय करतात ते माहीत आहे का? गप्प बसले. राहिलेल्यांवरूनच त्यांचा अंदाज खरा ठरत आलाय. माझंही तेच. त्या मुलीचं काय झालं, मला माहीत नाही.

म्हणजे आधी काहीच कळत नाही असं नाही. कळतं, पण वेगळंच. २००१ साली अमेरिकेत विल्सन आणि श्रॉक या बायकांनी बारा गोष्टी ताडून बघितल्या. गणिताचा पाया उपयोगी पडतोच, पण त्याच्याही वर काय आलं असेल? वर्गात, लॅबमध्ये मुलाला किती मोकळं वाटतं, शंका विचारताना जीभ अडखळते का, हे. आणि यश येवो की अपयश, त्याला जो नशीब म्हणतो तो मागं पडतो. मग जाडुद म्हणून एका संशोधकानं मुलं कंपाइल कशी करतात, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम संगणकाकडून तपासून चालण्याजोगा कसा करून घेतात, तेच टिपून ठेवलं. एकामागोमाग एक कंपाइल, आणि तीच चूक पुन्हा पुन्हा, असं ज्याचं चालतं त्याचे मार्क कमी येण्याकडं कल असतो. लॅबमध्ये मी हे रोज बघते. एरर सातव्या ओळीवर दाखवतो, पोरगं सातवी ओळ तीनदा पुसून लिहितं, आणि सेमिकोलन राहिलेला असतो सहाव्या ओळीला.

आमच्याकडं आता सॉफ्टवेअर आलंय. तिसऱ्या आठवड्यानंतर लॅबची सगळी नोंद बघून ते यादी काढतं, धोक्यातली नावं लाल रंगात. तुझी टेस्ट आणि ते प्रोग्राम त्यात घातले असते तर तू लालच आला असतास. मी त्या यादीतल्या पोरांना बोलावते, शेजारी बसवते आणि म्हणते, माझ्यासमोर कंपाइल कर. ब्रँचचं नाव काढत नाही. आणि एकटा तूच आहेस असंही समजू नको. पंधरा देशांतले १६१ कोर्स बघितले तेव्हा या पहिल्याच पेपरात साधारण तीनातला एक जण अडकलेला निघाला.

तर उद्या लॅबला जा. सरांना विचार, सगळ्यांसमोर विचार, हसले तर हसू देत. एरर आला की आधी तो मोठ्यानं वाच आणि वरची ओळ बघ. पप्पा रविवारी पहाटेच्या एसटीनं मालाच्या कामाला पुण्याला येतायत. त्यांच्याकडं भडंग आणि चटणी देतेय. डब्याखाली चौकटींची वही आहे. त्यात तीन चौकटी काढ, ए, बी आणि टेम्प, म्हणजे आकडा तात्पुरता ठेवायची तिसरी रिकामी जागा. एकेक ओळ वाचायची, चौकटीतला आकडा खोडायचा, नवा लिहायचा. फोटो मला रात्री पाठव. पेननं काढ, पेन्सिलीचं मला दिसत नाही.

तुझी,
आई

ता. क. डबा परत पाठव. मागचे दोन अजून तिकडंच आहेत.