तोलाई पाच हजार!

शाहूपुरी, कोल्हापूर
रविवार, सकाळ

प्रिय बाळ्या,

पत्राला उशीर झाला, शिव्या घालू नकोस. पाडव्याला गुळाचे सौदे निघाले आणि तेव्हापासून मला जेवायलाही फुरसत नाही. त्यात मी स्वतःच्या हातानं एक घोळ घालून ठेवला. तो तुला सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

ज्या अडत दुकानाचं काम मी बघतो, तिथं गाळ्यावर जुनं मायएसक्यूएल आहे आणि हिशेबाच्या ऑफिसात पोस्टग्रेस; दोन्ही डेटाबेसच, पण वेगवेगळे. रोज रात्री माझी स्क्रिप्ट गाळ्यावरचं टेबल सिलेक्ट स्टारनं, म्हणजे सगळे कॉलम आहेत त्या क्रमानं, फाइलीत काढते आणि पोस्टग्रेसमध्ये कॉपी या आज्ञेनं त्याच क्रमानं ओतते. कॉलमची नावं कुठंच नाहीत. दोन वर्षं बिनबोभाट चाललं होतं, म्हणून मीही बिनघोर.

यंदा मालक म्हणाले, तोलाई, म्हणजे माल तोलण्याचे पैसे, वेगळी दाखवा. मायएसक्यूएलमध्ये ऑल्टर टेबल ही टेबलात बदल करायची आज्ञा लिहिताना 'आफ्टर हमाली' म्हटलं की कॉलम बरोबर हमालीच्या शेजारी बसतो. पोस्टग्रेसला ही सोयच नाही. तिथं नवा कॉलम निमूटपणे रांगेच्या शेवटी जातो. मला हे माहीत होतं, बरं का! फक्त रात्रीची स्क्रिप्ट डोक्यात आली नाही.

आठवड्यानं राधानगरीकडचे एक काका आले. एका हातात गाळ्यावरची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, दुसऱ्या हातात ऑफिसचा खातेउतारा. दोन्ही कागद टेबलावर शेजारी-शेजारी ठेवले आणि बोट टेकवलं. पट्टीवर हमाली 180, तोलाई 90, मोटारभाडं 1,400, उचल (आगाऊ घेतलेले पैसे) 5,000. उताऱ्यावर हमाली 180, मोटारभाडं 90, उचल 1,400 आणि तोलाई 5,000.

"गूळ तोलला का सोनं, ओ सायेब? आणि उचल चौदाशेच वळती केलीसा व्हय?"

मी गारच पडलो. बघ ना, दोन्हीकडं एकूण कपात 6,670च! सगळे आकडे एकाच जातीचे, कॉलमची संख्याही जुळलेली, मग पोस्टग्रेस कशाला कुरकुरेल? मुनीम रोज बेरीज ताडून बघायचे आणि ती रोज जुळायची. एखादा कॉलम तारखेचा असता तर पहिल्याच रात्री एरर आली असती. काका हुशार म्हणून सापडलं, नाहीतर मार्चअखेर कुणाच्या डोक्यावर किती उचल उरली, हे देवालाही कळलं नसतं.

मालकांचं म्हणणं, दोन्हीकडं क्रम सारखा करून टाक. पोस्टग्रेसमध्ये त्यासाठी हव्या क्रमाचं नवं टेबल करायचं, माल तिकडं हलवायचा, जुनं पाडायचं, नव्याला जुनं नाव द्यायचं. शिवाय त्या टेबलाला जोडलेले इंडेक्स, फॉरेन की, परवानग्या, व्ह्यू (तोच माल हव्या मांडणीत दाखवणारी खिडकी) सगळं पुन्हा बांधायचं. ऐन हंगामात! मी नाही म्हटलं. आणि केलं तरी पुढच्या ऑल्टरला पुन्हा तेच. अरे, अशा टेबलांच्या डेटाबेसची कल्पना मांडणाऱ्या कॉडनं 1970 सालीच लिहून ठेवलंय की वापरणाऱ्यानं कॉलमच्या क्रमावर विसंबू नये, नावानं ओळखावं. आपण ते परीक्षेपुरतं पाठ केलं आणि रंकाळ्यात बुडवलं.

मग केलं काय? मायएसक्यूएलच्या सिलेक्टमध्ये एकेक नाव लिहिलं आणि तीच यादी त्याच क्रमानं कॉपीच्या कंसात. फाइलीला नावांची पहिली ओळही जोडली, कारण पोस्टग्रेस 15पासून 'हेडर मॅच' म्हटलं की ती ओळ ताडून बघतो आणि नाव हुकलं की फाइल परत मारतो. मुनिमांना हमालीशेजारीच तोलाई बघायची सवय, त्यांना एक व्ह्यू करून दिला. त्यात क्रम आपल्या मर्जीचा.

दोन्हीकडची कॉलमची यादी ताडायला इन्फर्मेशन स्कीमा, म्हणजे डेटाबेसमधली टेबल-कॉलमची नोंदवही, तीही वापरून बघितली. त्यात मजा झाली. पोस्टग्रेसमध्ये मागं एक कॉलम पाडला होता, त्याचा नंबर दुसऱ्या कुणाला मिळत नाही, चौथ्यानंतर थेट सहावा! म्हणून आता नंबर ताडत नाही, नावंच ताडतो.

सगळे जुने उतारे दुरुस्त करायला दोन रात्री गेल्या. काकांना नवा उतारा दिला, त्यांनी चष्मा लावून प्रत्येक ओळ वाचली, मग पिशवीतून काकवीची बाटली काढून टेबलावर ठेवली. लवकर ये, अर्धी संपलीय.

तुझा,
पम्या