चावी सापडत नाही: उच्च शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

माननीय उच्च शिक्षण मंत्री महोदय,

सादर नमस्कार.

आपला वेळ मोलाचा आहे, म्हणून आधी घडले तेवढेच सांगते. गेल्या शनिवारी संध्याकाळी पावणेपाच वाजता आमच्या विद्यापीठाच्या सभागृहाच्या पायऱ्यांवर विद्यार्थी जमले होते. मी मोजले तेव्हा १३८ होते, नंतर आणखी आले. पाच वाजता आमच्या फिल्म क्लबचा खेळ होता आणि त्यानंतर दिग्दर्शकाशी गप्पा. दिग्दर्शक आमचाच माजी विद्यार्थी. आईबापांबरोबर ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांची शाळा कशी सुटते, यावर त्याने ५२ मिनिटांचा माहितीपट केला आहे. तो स्वतः चौथीपर्यंत दर दिवाळीनंतर फडावर जात होता. रात्रभर एसटीत बसून आला होता.

सभागृहाला कुलूप. चावी शिपाई मामांकडे. मामा रजेवर. जादा चावी मालमत्ता विभागात, आणि मालमत्ता विभागाला शनिवारी सुट्टी. कुलसचिवांचा फोन तासाभराने लागला. म्हणाले, "मॅडम, चावी सापडत नाहीये. आता मी काय करू, तुम्हीच सांगा."

खेळ झाला नाही. दुसऱ्या दिवशी रविवारी सकाळी नऊ वाजता तेच सभागृह एका खासगी क्लासच्या गुणगौरव सोहळ्यासाठी उघडले. दारात रांगोळी, आत एसी गार. चावी रात्रीतून सापडली याचा मला आनंदच झाला.

आता एक आठवण करून देते. या सभागृहाची फीत आपणच कापली होती. त्या दिवशी मी सातव्या रांगेत होते. आपण माईकवरून म्हणालात की महिन्यातले दोन शनिवार हे सभागृह विद्यार्थ्यांचे, एक रुपया न घेता. त्यांनी इथे सिनेमे पाहावेत, वाद घालावेत. टाळ्या पडल्या. मीही जोरात वाजवल्या, हे प्रांजळपणे कबूल करते. त्यानंतरच्या दोन वर्षांत आम्हाला त्यातले किती शनिवार मिळाले असतील? चार. बाकीच्या वेळी आम्ही ६२ क्रमांकाच्या वर्गात खिडक्यांना कार्डशीट चिकटवून सिनेमे पाहिले. माझ्या हिशेबाने सहाशे खुर्च्यांचे हे सभागृह वर्षातले तीनशे दिवस बंद असते. सुरक्षारक्षक म्हणतो, अडीचशे. चला, अडीचशे धरा.

शनिवारच्या खेळासाठी अर्ज आम्ही सत्तावीस दिवस आधी दिला होता. आवक क्रमांकासह. मग कार्यालयाने सेन्सॉरचे प्रमाणपत्र मागितले. ते होते, 'यूए १३+', म्हणजे तेराच्या आतल्या मुलांनी पालकांच्या देखरेखीत पाहावे असे. २०२३ च्या दुरुस्तीने 'यूए'चे ७, १३ आणि १६ असे तीन वयोगट झाले, हे मला तिथल्या लिपिकाला समजावून सांगावे लागले. त्याला ते अधिक चिन्ह टायपिंगची चूक वाटत होती. मग हक्कधारकाचे संमतीपत्र मागितले. खरे तर शैक्षणिक संस्थेच्या कामकाजाचा भाग म्हणून केवळ तिथले विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित लोक यांना चित्रपट दाखवला तर त्याने हक्काचा भंग होत नाही, असे कॉपीराइट कायद्याचे ५२ वे कलम स्पष्ट सांगते. पण वाद नको म्हणून तेही दिले. दिग्दर्शकच हक्कधारक, त्याने अर्ध्या तासात सही करून पाठवले. मग पोलिसांचे ना-हरकत. पोलीस म्हणाले, तुमचा अंतर्गत कार्यक्रम आहे, आमचे काय काम? पण हे लिहून द्यायला तयार नाहीत. आणि सगळ्यात शेवटी हमीपत्र, ५०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर: 'या कार्यक्रमामुळे कोणत्याही व्यक्तीच्या, गटाच्या वा संस्थेच्या भावना दुखावणार नाहीत, दुखावल्यास संपूर्ण जबाबदारी माझी राहील.'

मंत्री महोदय, मी मराठी शिकवते. गेल्याच आठवड्यात वर्गात तुकोबांचे अभंग घेतले. त्या तासासाठी असे हमीपत्र मागितले असते तर मला देता आले नसते. गाथा इंद्रायणीत बुडवायला लावणाऱ्यांच्याही भावना दुखावल्याच होत्या की! तरी मी सही केली. का केली, ते पुढे सांगते.

एवढे सगळे कागद पुरे झाल्यावर परवानगी नाकारायला कारणच उरले नाही. म्हणून नाकारली नाही. चावी हरवली.

माझी खरी तक्रार इथे आहे आणि ती आपण नीट वाचावी. बंदी घातली असती तर मी भांडले असते. बंदीला आदेश लागतो, आदेशाला सही लागते, सहीला नाव लागते आणि त्या नावाला कोर्टात उभे करता येते. १९८९ मध्ये एस. रंगराजन विरुद्ध पी. जगजीवन राम या खटल्यात, एका तमिळ चित्रपटाच्या निमित्ताने, सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवले आहे की निदर्शनांच्या किंवा हिंसेच्या धमकीमुळे अभिव्यक्ती दडपता येणार नाही. तसे करणे म्हणजे कायद्याचे राज्य नाकारून धमकावणाऱ्यांना शरण जाणे होय. हा निकाल मी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून नेला होता. पण हरवलेल्या चावीविरुद्ध कोणत्या न्यायालयात जायचे? रजेवर गेलेल्या मामांवर रिट याचिका करू? त्यांची काय चूक? त्यांना शुक्रवारी संध्याकाळी रजा घ्यायला सांगितले गेले, हे त्यांनीच मला मान खाली घालून सांगितले. वरून कुणाचा तरी फोन आला होता म्हणे. कुणाचा, ते कुणी सांगत नाही. विद्यापीठाच्या समित्यांवर कोण कोण बसते आणि त्यातल्या कुणाच्या घरात साखर कारखाने आहेत, हे मी लिहीत नाही. माझ्यापेक्षा आपल्यालाच जास्त ठाऊक.

आपल्याला वाटेल, एका सिनेमाचे बाईने काय लावले आहे. सिनेमा पाहणे ही शिकायची गोष्ट आहे, हे या देशात साठहून जास्त वर्षांपूर्वी ज्यांना कळले होते त्यातले एक आग्र्यात अर्थशास्त्र शिकवत होते. सतीश बहादूर त्यांचे नाव. तिथे फिल्म सोसायटी चालवता चालवता ते पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये आले आणि देशभरच्या शिक्षकांना, डॉक्टरांना, बँकेतल्या कारकुनांना चित्रपट कसा वाचायचा ते शिकवू लागले. फिल्म इन्स्टिट्यूट १९६० ची, शेजारचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ चे, चित्रपट रसास्वादाचा वर्ग दोघांचा मिळून. फिल्म सोसायट्यांचा महासंघ १९५९ चा, सत्यजित राय त्याचे पहिले अध्यक्ष. मुंबईचे प्रभात चित्र मंडळ १९६८ चे. या लोकांनी भाड्याच्या हॉलांत आणि वर्गखोल्यांत रिळे उलगडून एक अख्खी पिढी घडवली. त्यांच्याकडे सहाशे खुर्च्या नव्हत्या. वातानुकूलन तर नव्हतेच.

मी स्वतः अशाच एका वर्गात घडले. एम.ए.ला असताना आमचे सर दर शुक्रवारी व्हीसीडीवर सिनेमा दाखवत. तबकडी मध्येच अडके. सर ती काढून रुमालाने पुसत, परत घालत आणि तेवढ्या वेळात आधीच्या दृश्यात कॅमेरा कुठे होता ते विचारत. कॅमेरा कुठेतरी असतो हेच मला तोवर माहीत नव्हते! कोण बघते आहे, कुठून बघते आहे, काय चौकटीबाहेर ठेवले आहे, हे प्रश्न मी कवितेला विचारायला शिकले ते त्या अडकणाऱ्या तबकड्यांमुळे.

त्यांचे ऋण म्हणून नऊ वर्षांपूर्वी हा क्लब सुरू केला. यात माझ्या पगाराचा प्रश्न नाही, कारण मला पगारच नाही. मी चौदा वर्षे तासिका तत्त्वावर आहे. प्राध्यापक व्हायला लागणारी सेट परीक्षा झाली, पीएच.डी. झाली, केस पांढरे झाले. दर वर्षी जूनमध्ये नवी मुलाखत आणि समोर तेच लोक. विचारतात, "तुमचा परिचय द्या." मार्चमध्ये नोकरीत खंड. मानधन महिनोन्‌महिने अडकते आणि मग एकदम पडते, तोवर किराणावाल्याला तोंड चुकवायचे. प्रोजेक्टरचा दिवा गेला तेव्हा नवा मी आणला, नवरा म्हणाला, "क्लब चालवतेस की घर, एकदा काय ते ठरव." मुलीच्या गॅदरिंगला मी गेले नाही, कारण त्या दिवशी आमचा खेळ होता. ती अजून बोलून दाखवते. हमीपत्रावर सही का केली ते आता कळले असेल. माझ्याकडे ठामपणे नाही म्हणायला पायाखाली जमीन नाही. आणि परवा सोमवारी मला दालनात बोलावून अगदी मऊ आवाजात सांगण्यात आले, "मॅडम, जूनमध्ये मुलाखती आहेत, लक्षात आहे ना?"

आहे लक्षात.

हे सगळे सिनेमाच्या पत्रात कशाला, असे तुम्ही म्हणाल. (आपणवरून तुम्हीवर आले, माफ करा, आता परत जाता येणार नाही.) कारण गोष्ट एकच आहे. कायम शिक्षक नेमायचे नाहीत, म्हणजे विभागात कुणाचा आवाज निघत नाही. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात विद्यार्थी परिषदेच्या खुल्या निवडणुका लिहून ठेवल्या, तेव्हा आम्ही पेढे वाटले होते; आमच्या आवारात अजून एकही मतपेटी पाहिलेली नाही. म्हणजे पायऱ्यांवर उभ्या असलेल्या १३८ मुलांचे म्हणणे मांडायला कुणी निवडून आलेले नाही. नव्या शैक्षणिक धोरणात सहअभ्यासक्रमाला श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, दिले आहेत. सांस्कृतिक उपक्रम करा, श्रेयांक मिळवा. कुठे करा? कुलुपासमोर? उच्च शिक्षण संस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या 'नॅक'ची समिती आली तेव्हा आमच्या क्लबचे फोटो अहवालात 'उत्तम प्रथा' म्हणून छापले होते. चांगले रंगीत, आर्ट पेपरवर. त्यात मी आहे, हातात माईक घेऊन. फोटोखाली माझे नाव नाही, विभागप्रमुखांचे आहे.

सभागृह उघडताच येत नाही असेही नाही. ११ सप्टेंबर २०१७ ला पंतप्रधानांचे भाषण विद्यार्थ्यांना थेट दाखवावे असे विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) देशभर कळवले होते. तसे परिपत्रक आले की आमच्याकडे सकाळी सातला झाडू फिरतो. दाखवा, माझी हरकत नाही. याच राज्याच्या सरकारने २०१५ मध्ये मल्टिप्लेक्सवाल्यांना मराठी चित्रपटाला चांगल्या वेळेचे खेळ द्यायला सांगितले. परक्याच्या थिएटरात खेळ मिळवून देणाऱ्या सरकारला स्वतःच्या सभागृहाचे कुलूप निघत नाही? ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठी अभिजात झाली. अभिनंदनाचे फलक त्याच सभागृहावर महिनाभर होते. आत मराठी माहितीपट मात्र नको.

त्या संध्याकाळी दिग्दर्शक काय म्हणाला ते सांगते. मी रडकुंडीला आले होते, मुलांची माफी मागत होते. तो पायरीवर बसून लॅपटॉप बॅगेत भरत होता. म्हणाला, "मॅडम, राहू द्या. आमच्या साखरशाळेलापण असंच कुलूप असायचं. गुरुजी येतील म्हणून आम्ही दारात बसायचो." मग मुलांनी दुचाकींच्या पार्किंगमध्ये पांढरी चादर बांधायचा प्रयत्न केला, तर सुरक्षारक्षकांनी प्लग काढला. लॅपटॉपच्या पडद्यावर पंधरा-वीस जणांनी पहिली अकरा मिनिटे पाहिली. मग बॅटरी संपली.

माझे मागणे फार नाही. तुम्ही माईकवरून जे बोललात त्याचा शासन निर्णय काढा. दोन शनिवार, विद्यार्थ्यांसाठी, आणि एक चावी क्लबच्या विद्यार्थी प्रतिनिधीकडे, सही घेऊन. ते जमणार नसेल तर निदान त्या माहितीपटाला परवानगी नाकारली असे लेखी द्या. 'परवानगी नाकारली' एवढे दोन शब्द, खाली सही, शिक्का, तारीख. कारण लिहू नका हवे तर. फक्त नाव लिहा. पुढचे आम्ही बघून घेऊ.

दिग्दर्शकाने एसटीच्या तिकिटाचे पैसे घेतले नाहीत. पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी तो पुन्हा येतो आहे. त्या तारखेचा अर्ज आज सकाळीच दिला.

आपली,
तासिका तत्त्वावरील एक अध्यापिका
(जूनपर्यंत)

सोबत: पूर्वीच्या सात अर्जांच्या छायाप्रती, आवक क्रमांकासह. आजच्या आठव्या अर्जाची प्रत जोडता आली नाही. ती आवक विभागाने पोच न देता ठेवून घेतली आहे.