पकडले किती ते छापता, परवाना किती जणांचा गेला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दरवर्षी नवीन वर्षाच्या सुरुवातीला आपल्या अंकात एक बातमी ठरलेली असते. थर्टी फर्स्टच्या रात्री पुण्यात जागोजागी नाकाबंदी झाली, दारू पिऊन गाडी चालवणाऱ्या इतक्या जणांवर कारवाई झाली. सोबत यंत्रात फुंकणाऱ्या एखाद्या तरुणाचा फोटो. मी ही बातमी कापून ठेवते. पण त्या पकडलेल्या लोकांचे पुढे काय झाले, याची बातमी मला आजवर वाचायला मिळालेली नाही. हे पत्र त्यासाठीच लिहीत आहे.

आम्ही सिंहगड रस्त्याला राहतो. जानेवारी २०१६ मध्ये एका पहाटे पावणेसहाला माझे यजमान दूध आणायला पायी निघाले होते. राजाराम पुलाच्या अलीकडे एक मोटार उलट बाजूने आली आणि त्यांना उडवून खांबावर जाऊन आदळली. यजमानांच्या डाव्या पायाची गुडघ्याखालची दोन्ही हाडे मोडली. आत रॉड आहे. आजही जिना उतरताना ते कठडा धरून आधी डावा पाय खाली टेकवतात, मग उजवा त्याच्याशेजारी आणतात. एका पायरीला दोन पावले.

गाडी चालवणारा मुलगा सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा होता. मित्राकडून घरी चालला होता, शेवटचा पेग दोनच्या सुमारास घेतला असे त्याने स्वतःच सांगितले. रक्तात दारू निघाली. खटला उभा राहायला अडीच वर्षे गेली. ऑगस्ट २०१८ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला आणि न्यायालय उठेपर्यंत कैद आणि दंड अशी शिक्षा झाली. दारू पिऊन गाडी चालवल्याचा दंड होता दोन हजार रुपये. तुरुंगवासाची तरतूद तेव्हाही होती, पण पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र कायद्यात तेवढाच होता.

मी पोस्टात एकतीस वर्षे खिडकीवर बसले. पावती घेताना माणसाच्या चेहऱ्यावर काय असते ते मला कळते. त्या मुलाच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव होता. त्याने पावतीची घडी घालून पाकिटात ठेवली. पाकिटाच्या प्लॅस्टिकच्या कप्प्यात त्याचा परवाना होता, तो मी पाहिला. बाहेर आल्यावर तो मला म्हणाला, "काकू, काकांना सांगा, मनापासून सॉरी." तो खोटे बोलत होता असे मला वाटत नाही. मग त्याने खिशातून किल्ली काढली, फाटकाबाहेर लावलेल्या गाडीत बसला आणि स्वतः चालवत निघून गेला. मी रिक्षाची वाट बघत उभी होते.

पुढे कायदा बदलला. १ सप्टेंबर २०१९ पासून मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार किंवा दोन्ही. तेव्हापासून ज्याच्या त्याच्या तोंडी "दहा हजार बसतील" एवढेच आहे. लोकांना वाटते, सिग्नल तोडल्यासारखे हे चलान आहे, मोबाइलवरून भरले की मिटले. तसे नाही. हा गुन्हा जागेवर तडजोड करून मिटवता येत नाही, न्यायालयात जावेच लागते.

आणि याच कायद्यातले कलम २० मला माझ्या भाचीने गेल्या वर्षी दाखवले. ती वकिली शिकते. कलम १८५ खाली दोषी ठरलेल्या माणसाला न्यायालयाने वाहन चालवण्यास अपात्र ठरवायचे आहे आणि ही मुदत सहा महिन्यांपेक्षा कमी असता कामा नये. ठरवता येईल, असे तिथे म्हटलेले नाही. ठरवायचेच आहे. आणि हे २०१९ च्या दुरुस्तीत आलेले नाही, १९८८ च्या मूळ कायद्यापासून आहे. म्हणजे आमच्या खटल्याच्या दिवशीही होते. त्या दिवशी परवान्याचा विषय कोणीच काढला नाही. मीही काढला नाही, कारण मला ठाऊकच नव्हते. ते कलम वाचल्यावर दोन रात्री मला झोप लागली नाही.

ज्याच्या घरी पंधरा-वीस लाखांची गाडी आहे, त्याला दहा हजार जड जात नाहीत. सहा महिने किल्ली हातात घ्यायची नाही, हे मात्र श्रीमंतालाही जड जाते आणि टेम्पोवर पोट असलेल्यालाही जड जाते. टेम्पोवाल्याला जास्तच, हे मला कळते. पण पोट ज्या परवान्यावर आहे तो जपण्याचे कारणही त्याच्याकडेच जास्त आहे. आणखी एक गोष्ट. पहिली शिक्षा परवान्याच्या नोंदीवर, त्या 'सारथी' नावाच्या संगणक प्रणालीत चढलीच नाही, तर दोन वर्षांनी दुसऱ्या जिल्ह्यात सापडलेला तोच माणूस दुसऱ्यांदा सापडला हे कोणाला कसे कळणार? पंधरा हजारांचे आणि दोन वर्षांचे कलम मग कोणाला लावायचे?

कल्याणीनगरच्या अपघातानंतर पुण्यात या विषयावर खूप बोलले गेले. १९ मे २०२४ च्या पहाटे पोर्शे गाडीने दोन तरुण अभियंत्यांचे जीव गेले, अल्पवयीन चालकाला तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर जामीन मिळाला, सगळा देश संतापला. पण मला त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट रक्ताची वाटली. नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली, ते तर आहेच. पण नमुना कोणी बदलला नाही तरी वेळ तो बदलत असते. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही आहे. शरीर तासाला साधारण १५ मिलिग्रॅम उतरवते. रात्री अडीचला ज्याच्या रक्तात १०० होते, तो सकाळी साडेआठला तपासला तर १० वर आलेला असेल. कागदावर शुद्ध! म्हणूनच अटकेपासून दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, नाहीतर माणसाला सोडावे लागते, असे कलम २०२ सांगते. नळीत फुंकायला विनाकारण नकार दिला तर तो नकारही पुरावा म्हणून वापरता येतो. कायदा करणाऱ्यांनी घड्याळाचा विचार केला होता.

याच हिशेबाची दुसरी बाजू फारशी कोणी बोलत नाही. रात्री दोनला १२० वर असलेला माणूस झोपून उठून सकाळी सातला ऑफिसला निघतो, तेव्हाही तो ४५ वर असतो. आंघोळ, काळी कॉफी, लिंबूपाणी यांनी यात काही फरक पडत नाही. आमच्या घरावर जी वेळ आली ती पहाटेची होती, तेव्हा कुठेही नाकाबंदी नव्हती. रात्री अकरा ते दोनच्या बरोबरीने पहाटे पाच ते आठही तपासणी व्हावी, असे मला वाटते.

पोलिसांविषयी तक्रार करायला मी हे लिहीत नाही. गेल्या डिसेंबरात मुलासोबत लग्नाहून येताना नळ स्टॉपपाशी आमची गाडी थांबवली. हवालदाराने आमच्यासमोर पाकीट फाडून नवी नळी यंत्राला लावली, मुलाने फुंकले, शून्य आले, "जावा काकू" म्हणून सोडले. अर्धे मिनिटही गेले नसेल. मागच्या गाडीतला तरुण खिडकीतून मोबाइल पुढे करत होता, "साहेब, जरा यांच्याशी बोला." हवालदाराने मोबाइल घेतला नाही. "आधी फुंका, मग बोलतो," एवढेच म्हणाला. रात्रभर थंडीत उभे राहून हे करणाऱ्या त्या माणसाचे काम पुढे न्यायालयात आणि आरटीओत कुठे पोचते, हे त्यालाही कळायला हवे.

आपल्या घरांतही एक खोड आहे. हळदीच्या रात्री, फार्महाऊसवरच्या वाढदिवसाला, "अजून एक घे रे, जाशील हळूहळू" म्हणत ग्लास भरायचा आणि मग त्याच्याच हातात किल्ली द्यायची. याच कायद्याचे कलम १८८ सांगते की या गुन्ह्याला चिथावणी देणाऱ्याला, साथ देणाऱ्यालाही तीच शिक्षा आहे. परवाच्या एका घरगुती कार्यक्रमात मी हे मोठ्याने सांगितले. चार नातेवाईक रुसले. पण दोन मुले गाड्या तिथेच ठेवून रिक्षाने गेली.

माझी आपल्याला विनंती आहे. येत्या १ जानेवारीच्या कारवाईचा आकडा आपण छापालच. मग सहा महिन्यांनी, जूनच्या शेवटी, आपल्या वार्ताहराला पुन्हा पोलीस आयुक्तालयात, न्यायालयात आणि आरटीओत पाठवा. त्यांपैकी किती जणांचे खटले उभे राहिले, किती दोषी ठरले, किती जणांना वाहन चालवण्यास अपात्र ठरवले आणि किती जणांची नोंद परवान्यावर चढली, एवढे चार आकडे विचारा. माहिती अधिकारात अर्ज करावा लागला तर तो मी करीन, दहा रुपयांचे तिकीट माझे. बातमी पहिल्या पानावर नको, आतल्या पानावर एका चौकटीत आली तरी चालेल. मी तीही कापून ठेवीन.

आपली नम्र,
एक वाचक
सिंहगड रस्ता, पुणे