पेढ्यांबद्दल

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, तुम्ही अख्ख्या दांडिया बाजारात ज्या नोकरीचे पेढे वाटलेत, ती बिनपगारी आहे. हे आधी लिहून टाकते, नाहीतर पत्र पुन्हा फाडेन.

इथे अमेरिकेत शिक्षण संपलं की ओपीटीची, म्हणजे कामाची परवानगी 12 महिन्यांची मिळते. त्यात नोकरीविना एकूण 90 दिवस चालतात, पुढे व्हिसाच धोक्यात. परवानगीच्या कार्डावरच्या सुरुवातीच्या तारखेपासून मोजणी सुरू, रविवारही धरून. आई, तू कालनिर्णयवर दुधाचे खाडे मांडतेस ना, तसे मी माझे मांडत होते, तू पाठवलेल्या कालनिर्णयवरच, पेन्सिलीने. एकसष्टावा खाडा पडला तेव्हा जुन्या सरांकडे जाऊन प्रयोगशाळेत फुकट काम मागितलं. आपल्या विषयातलं, आठवड्याला निदान 20 तासांचं काम असेल तर बिनपगारीही चालतं, मोजणी थांबते. त्या रात्री फोनवर मी 'लागले' म्हटलं. पगाराचं तुम्ही विचारलं नाहीत आणि मी सांगितलं नाही.

ते दोन महिने वाईट गेले. दुपार झाली तरी उठवत नसे. तुमच्या रविवारच्या फोनआधी तेवढे केस विंचरायचे, आणि मागे लॅपटॉप उघडा ठेवायचे, तुम्हाला दिसावा म्हणून. शिकत होते तोवर विद्यापीठात समुपदेशकाकडे फुकट जाता यायचं. पदवी मिळाली आणि ते बंद. खरी गरज तर तेव्हाच होती! रूममेटचे खाडे माझ्याहून बारा जास्त आहेत. आज किती अर्ज केले हे एकमेकींना विचारायचं नाही, एवढं आम्ही ठरवलंय. परवा दोघींनी मिळून शेव उसळ केली. तर्री जमली नाही, पण दोन-दोन वाट्या खाल्ली.

पुढे 24 महिन्यांची मुदतवाढ मिळू शकते, पण तिथे फुकटचं काम चालत नाही, पगारच लागतो. एका ठिकाणी दोन फेऱ्या झाल्यात, तिसरी बुधवारी आहे. बाबा, एफडी मोडू नका, शिकवणीतून खोलीचं भाडं निघतंय. आणि रविवारी 'काही कळलं का' तेवढं विचारू नका. कळलं की मीच अर्ध्या रात्री उठवेन.

शेजारी काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा. खरं सांगितलंत तरी मला चालेल.

तुमची,
मनू

ता. क. आई, तर्रीला कांदा किती भाजतेस ते कळव.