दारावरच्या दोन पाट्या

चि. मनूस,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सहज विचारलंस, "आई, नव्या घराच्या पाटीवर नाव कुणाचं घालायचं?" तेव्हा कुकर लावला होता, मी 'बघू' म्हणाले आणि विषय राहून गेला. पण दोन दिवस तेच डोक्यात घोळतंय, म्हणून आज लिहायला बसले.

दक्षिण कोरियात सोल शहरात डोंगग्यो-दोंग नावाची वस्ती आहे. तिथल्या एका घराच्या फाटकापाशी दोन पाट्या शेजारी शेजारी होत्या. एकीवर किम दे-जुंग, जे पुढे त्या देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले; दुसरीवर त्यांच्या पत्नी ली ही-हो. ही पाटी नवऱ्याने हौसेने लावलेली. त्या देशात लग्नानंतर बायकोचं आडनाव बदलत नाही, पण दारावर पाटी पुरुषाचीच, हा रिवाज होता. बायकोचं नाव रोज डोळ्यांसमोर राहिलं, तसा तिच्याबद्दलचा आदर वाढत गेला, असं किम यांनी पुढे सांगितलं आहे.

लीबाई १९२२ सालच्या. सोलमध्ये शिकल्या, मग अमेरिकेत जाऊन समाजशास्त्रात एम.ए. केलं. परत आल्यावर वायडब्ल्यूसीए या ख्रिस्ती स्त्रियांच्या संस्थेत बायकांच्या हक्कांसाठी कामाला लागल्या. १९६२ च्या मे महिन्यात, एकोणचाळिसाव्या वर्षी, त्यांनी किम यांच्याशी लग्न केलं. ते बिजवर, पदरात दोन मुलगे, निवडणुका हरलेले, हातात पैसा नाही. जवळच्या सगळ्यांनी नको म्हटलं. आणि लग्नाला दहा दिवस होतात न होतात तोच नवऱ्याला अटक!

पुढची वीस-पंचवीस वर्षं अशीच गेली. १९७१ मध्ये किम यांनी तेव्हाचे सत्ताधारी पार्क चुंग-ही यांच्याविरुद्ध राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवली आणि थोडक्यात हरले. १९७३ मध्ये सरकारच्याच गुप्तहेरांनी त्यांना टोकियोच्या हॉटेलातून पळवलं. बोटीवर बांधून ठेवलं आणि पाचव्या दिवशी घराजवळ आणून सोडलं. १९७६ मध्ये पुन्हा तुरुंग. तेव्हा कैद्यांच्या बायका एकत्र बसून जांभळ्या लोकरीच्या शाली विणत.

१९८० मध्ये लष्करी न्यायालयाने तर फाशीच सुनावली. ती पुढे जन्मठेपेवर आली. मनू, मला सगळ्यात जास्त याच दिवसांबद्दल सांगायचंय. किम यांना महिन्याला एकच पत्र लिहायची परवानगी होती, आपल्या आंतरदेशीयासारखा एक कागद. त्यावर ते मुंगीएवढ्या अक्षरांत लिहीत, कोपरासुद्धा कोरा सोडत नसत. बाहेरून लीबाई मात्र जवळजवळ रोज लिहायच्या. घरची खबरबात, अंगणातली झाडं, कुठलं पुस्तक पाठवलंय ते. शिवाय लोकरीचे मोजे विणून पाठवायच्या. कोठडीत नवरा गारठतोय म्हणून ऐन हिवाळ्यात त्यांनी स्वतःची खोलीही तापवू दिली नाही. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

राष्ट्राध्यक्षांची पत्नी म्हणून त्या सरकारी निवासात गेल्या १९९८ मध्ये, पंचाहत्तराव्या वर्षी. तिथेही नुसत्या समारंभांत मिरवल्या नाहीत. २००१ मध्ये बायकांसाठी स्वतंत्र मंत्रालय झालं, त्यामागे त्यांच्या चाळीस वर्षांच्या आग्रहाचं बळ होतं असं मी मानते. २००२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मुलांविषयीच्या विशेष अधिवेशनात त्यांनी देशाच्या शिष्टमंडळाचं नेतृत्व केलं. त्याच वर्षी एका सावत्र आणि एका पोटच्या मुलाला लाचखोरीच्या प्रकरणांत अटक झाली आणि किम यांनी देशाची माफी मागितली. इतकी वर्षं नवऱ्यासाठी तुरुंगाच्या दारात उभ्या राहिलेल्या बाईला म्हातारपणी पोटच्या पोरासाठी तेच दार पाहावं लागलं. आईच्या नजरेने वाचताना आतडं पिळवटतं गं.

२००९ मध्ये किम गेले. शवपेटीत लीबाईंनी शेवटचं पत्र ठेवलं आणि स्वतःच्या हाताने विणलेलं पांघरूण. नंतर दहा वर्षांनी, २०१९ मध्ये, त्याही गेल्या.

आता माझं सांगते. माझ्या लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीने माझं नवं नाव लिहिलं. सगळे टाळ्या वाजवत होते. जुनं नाव तुझ्या आजोबांनी ठेवलेलं, मला फार आवडायचं. मला कुणी विचारलं नाही, आणि विचारावं असं कुणाला वाटलंही नाही. तुझे बाबा मनाने चांगले, त्यांच्याविषयी तक्रार नाही. पण ताट उचललं, तांदूळ डब्यात गेले, आणि माझं नाव शाळेच्या दाखल्यापुरतं उरलं.

तुझ्या घराच्या हप्त्यात निम्मे पैसे तुझे आहेत. नसते तरी मी हेच लिहिलं असतं. जावईबापूंना हे पत्र वाचायला दे, त्यांना आवडेल. पाटी करायला टाकाल तेव्हा दोन्ही नावांची अक्षरं एकाच मापाची घ्या, आणि लावली की लगेच फोटो पाठव.

तुझी,
आई