शेवटच्या मॉड्यूलपासून सुरुवात करायला शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या नावे असलं तरी सगळ्यांना वाचता यावं असं लिहितोय, कारण तुम्ही आम्हाला जे दिलंत ते मुंबईत मॉड्युलर सिंथेसायझर (सुटी मॉड्यूलं केबलने जोडून आवाज घडवणारं वाद्य) वाजवणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचं आहे. आवाज निर्माण करणारा ऑसिलेटर, तो छाटणारा फिल्टर, सूर क्रमाने लावणारा सीक्वेन्सर यांवर रात्र रात्र बोलणारे पुष्कळ भेटतात. स्टिरिओ मिक्सर आणि आउटपुट मॉड्यूलपाशी मात्र कुणी थांबत नाही, केबल खुपसली की काम झालं असं धरून चालतात. तुमचं पहिलंच सांगणं उलट होतं: पॅच, म्हणजे मॉड्यूलांची केबल-जोडणी, शेवटाकडून लावा. आधी स्पीकर, मग आउटपुट, मग मिक्सर, आणि मग मागचं सगळं. पुढचं उपकरण किती घेऊ शकतं हे कळल्याशिवाय मागून किती पाठवायचं ते ठरत नाही. या एका सवयीबद्दल आम्ही सगळे तुमचे मनापासून आभारी आहोत.

त्यामागचा हिशेबही तुम्ही कागदावर मांडून दिलात. युरोरॅकमध्ये (मॉड्यूलांचं प्रचलित माप) ऑडिओ सिग्नल साधारण १० व्होल्ट पीक-टू-पीक असतो, शून्याच्या वर ५ आणि खाली ५. साइन वेव्ह धरली तर हे ३.५ व्होल्ट आरएमएस (लहरीची परिणामी सरासरी), म्हणजे सुमारे +१३ डीबीयू. डीबीयू आणि डीबीव्ही ही सिग्नलची पातळी सांगणारी मापं. स्टुडिओतली लाइन लेव्हल +४ डीबीयू, १.२३ व्होल्ट. घरच्या अँप्लिफायरची −१० डीबीव्ही, जेमतेम ०.३२ व्होल्ट. पहिल्यापेक्षा आपण ९ डीबी वर आहोत, दुसऱ्यापेक्षा तब्बल २१. आउटपुट मॉड्यूलचं खरं काम हे अंतर कमी करणं. ज्यांच्याकडे ते मॉड्यूल नाही त्यांच्यासाठी तुम्ही सांगितलेली जोडी आता आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे: १० किलोओहम सीरिजमध्ये आणि ४.७ किलोओहम सिग्नलपासून ग्राउंडला, दोन्ही चॅनेलना वेगवेगळी. पुढच्या इनपुटप्रमाणे १० ते १३ डीबी घट मिळते. रेझिस्टर १ टक्क्याचेच घ्यायचे, नाहीतर डावं-उजवं सारखं राहत नाही आणि मधला आवाज एका बाजूला कलतो.

लेव्हल लावायची तुमची पद्धत अशी. ऑडिओ इंटरफेसचा इनपुट ‘लाइन’वर, त्याचा गेन तळाला. आउटपुट मॉड्यूलचा नॉब शून्यावर, स्पीकर बंद. मग पॅचमधला सगळ्यात मोठा क्षण वाजवायचा, नुसता किक नव्हे. फिल्टरचा रेझोनन्स (कटऑफपाशी येणारा उठाव) वर करून कटऑफ, म्हणजे फिल्टर जिथून छाटतो ती जागा, पूर्ण फिरवायचा, कारण रेझोनन्सचं टोक एखाद्या हार्मोनिकवर बसलं की लेव्हल एकदम उसळते आणि ऐन कार्यक्रमात आवाज तिथेच फाटतो. तेव्हा इंटरफेसच्या मीटरवर पीक −१२ ते −६ डीबीच्या दरम्यान येईल एवढाच आउटपुट नॉब वर घ्यायचा. तो तिथे ठेवून विसरायचा. पुढचे चढउतार फक्त मिक्सरच्या चॅनेलवर. याच्या उलट, आउटपुट जवळजवळ बंद ठेवून इंटरफेसचा गेन चढवला तर सिग्नलबरोबर हिसही तेवढाच चढतो.

मिक्सरच्या आतही हीच गोष्ट. वीज ±१२ व्होल्टची, त्यामुळे नेहमीची ऑपअँप (सिग्नल मिसळणारी चिप) ±१०.५ व्होल्टच्या आसपास भिंतीला लागते. ५ व्होल्ट पीकचे दोन सिग्नल युनिटी गेनवर (न वाढवता, न घटवता), त्यांचे पीक एकत्र आले तरी, कसेबसे मावतात. तिसरा घातला की माथी कापली जातात. म्हणून चार ऑसिलेटर एकाच सुरात, एकाच फेजमध्ये (लहरी एकदमच वर-खाली होतील असे) लावले असतील तर प्रत्येकी १२ डीबी खाली घ्यायचे. एकमेकांशी संबंध नसलेल्या आवाजांची बेरीज एवढी कडक होत नाही, दोघांना सरासरी ३ डीबीच वाढ मिळते, पण त्यांचेही पीक कधीतरी जुळतातच. आणि मिक्सरमध्येच आवाज फाटत असेल तर आउटपुट नॉब खाली करून काही उपयोग नाही, फाटलेलाच आवाज हळू ऐकू येतो. ही ओळखीची खूण आम्ही नव्या प्रत्येकाला सांगतो.

डीसीबद्दल, म्हणजे सिग्नलमध्ये मिसळलेल्या स्थिर व्होल्टेजबद्दल, तर आमच्यापैकी कुणाला विचार करायचंच सुचलं नसतं. बरेच मिक्सर डीसी-कपल्ड असतात, म्हणजे एन्व्हलप किंवा एलएफओ या नियंत्रण-सिग्नलांचा स्थिर किंवा हळू बदलणारा व्होल्टेज ऑडिओबरोबर तसाच पुढे जातो. २ व्होल्टचा असा ऑफसेट एका बाजूची जागा खातो, वेव्ह एकाच अंगाने कापली जाते आणि म्यूट दाबला की स्पीकर ‘धप्’ करतो. तपासणी साधी: आवाज बंद करून मल्टिमीटर डीसीवर लावायचा, आउटपुटवर काही मिलिव्होल्टच दिसले पाहिजेत. कपॅसिटर लावायचा तर पुढचा इनपुट बघून. १०० किलोओहमच्या मॉड्यूलला १ मायक्रोफॅरड पुरतो, खालचे सूर घटायची सीमा (कटऑफ) १.६ हर्ट्झवर येते. तोच कपॅसिटर १० किलोओहमच्या लाइन इनपुटला लावला तर १६ हर्ट्झपासून बास झिजायला लागतो. तिथे १० मायक्रोफॅरड हवा.

पॅनबद्दल, म्हणजे आवाज डाव्या-उजव्या स्पीकरमध्ये वाटण्याबद्दल, तुमचा आग्रह मोनोचा होता आणि तो आम्हाला पूर्ण पटलाय. शहरातल्या छोट्या हॉलमध्ये स्पीकर दोन दिसले तरी मागे एकच सिग्नल असू शकतो, डावं-उजवं एकत्र केलेलं. रुंदी वाढवायला एका बाजूला १० मिलिसेकंद डिले दिला असेल तर तिथे ५० हर्ट्झवर खड्डा पडतो, मग १५०, २५० असं पुढे. बास नेमका गायब. म्हणून १०० हर्ट्झच्या खालचं सगळं मधोमध, आणि पॅच पक्का करण्याआधी एकदा मोनो करून ऐकणं. पॅनचा नियम मॉड्यूलप्रमाणे बदलतो हेही लक्षात ठेवायला हवं: काही मधे ३ डीबी घटवतात, काही ६. मिक्सर बदलला की जुन्या नोंदी तशाच वापरू नयेत.

सेंडबद्दल, म्हणजे मिक्सरमधून इफेक्टकडे जाणाऱ्या वाटेबद्दल, थोडक्यात. रिव्हर्बचा (घुमाऱ्याचा) सेंड पोस्ट-फेडर, म्हणजे चॅनेलच्या लेव्हलनंतरचा, इफेक्ट पूर्ण वेट (मूळ आवाज न मिसळता), आणि रिटर्नच्या चॅनेलवरचा त्याच बसचा सेंड शून्य, नाहीतर आवाज स्वतःलाच गिळत किंचाळतो. गिटारचा पेडल जोडला तर सेंडचा नॉब पाव भागाच्या वर नको.

आता घरघर. तुमचं सगळ्यात मोठं ऋण इथे आहे. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच्या आपल्या विजेवर ग्राउंड लूप (उपकरणांच्या ग्राउंडना एकाहून जास्त वाटा मिळणं) झाला की ५० हर्ट्झची गुणगुण आणि तिच्या पटीतले सूर येतात. माउस हलवला की बदलणारी बारीक किणकिण असेल तर ती यूएसबीची. तुम्ही शिकवलेला क्रम: लॅपटॉप बॅटरीवर घ्या, चार्जर भिंतीतून काढा. आवाज गेला तर वाट चार्जरमधून आहे. नाही गेला तर केस (मॉड्यूलांची पेटी), इंटरफेस आणि स्पीकर एकाच पॉवर स्ट्रिपवर आणा. तरीही उरला तर दोन्ही चॅनेलवर ऑडिओचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. अर्थची पिन कापून घरघर घालवायला तुम्ही सक्त मनाई केलीत. ती पिन माणसाच्या जिवासाठी असते, हे तुमचं वाक्य आम्ही प्रत्येक नव्या माणसाला ऐकवतो. लॅमिंग्टन रोडवर ६०० ओहमचे छोटे १:१ ट्रान्सफॉर्मर घेताना एक खबरदारी: ते पूर्ण मॉड्युलर लेव्हलवर, विशेषतः खालच्या सुरांना, सॅच्युरेट होतात. आधी लेव्हल कमी, मग ट्रान्सफॉर्मर.

चाळीत किंवा वन-बीएचकेमध्ये वाजवणाऱ्याला हेडफोन आलेच. मॉड्यूलचं साधं आउटपुट १ किलोओहमचं असतं. त्यावर ३२ ओहमचा हेडफोन लावला तर जवळजवळ ३० डीबी वाया जातात, म्हणून आउटपुट मॉड्यूलमधला हेडफोन अँप हवाच. त्या स्टिरिओ जॅकमध्ये मोनो पॅच केबल घालायची नाही, उजवा चॅनेल थेट ग्राउंडला शॉर्ट होतो. बॅलन्स्ड आउटपुट हेडफोनला दिलं तर डावं-उजवं उलट फेजमध्ये येतं आणि आवाज डोक्याच्या मागे गेल्यासारखा वाटतो. कार्यक्रमात एक्सएलआरने जोडताना समोरच्या मिक्सरवरचा ४८ व्होल्ट फँटम (मायक्रोफोनला केबलमधून जाणारी वीज) बंद आहे ना हे स्वतः डोळ्यांनी बघायचं, नाहीतर मॉड्यूलचं आउटपुट जळू शकतं.

आणि आपला पावसाळा. बऱ्याच मिक्सरमध्ये फक्त डावा जॅक लावला की सिग्नल आपोआप उजव्यालाही जातो, ते जॅकच्या आतल्या छोट्या स्विचमुळे. खाऱ्या, दमट हवेत पहिल्यांदा काळवंडतो तो हाच स्पर्श. उजवी बाजू गेली तर चॅनेल मेला असं समजून बोर्ड उघडायचा नाही. उजव्या जॅकमध्ये वेगळी केबल घालून बघायची. आवाज आला तर दोष स्विचचा. केसची वीज बंद करून प्लगवर थोडा कॉन्टॅक्ट क्लीनर मारायचा, प्लग आठ-दहा वेळा आत-बाहेर करायचा, सुकू द्यायचं. एरवी कव्हर आणि आत सिलिका जेलच्या पुड्या.

काका, तुमच्याकडून नेलेली ट्रान्सफॉर्मरची पेटी सगळ्यांच्या हातून फिरून आली आहे. उजव्या बाजूचा जॅक सैल लागतोय. तो बदलून, दोन्ही चॅनेलची लेव्हल मीटरवर जुळवून, पुढच्या रविवारी तुमच्याकडे आणून देतो.

आपले कृतज्ञ,
मुंबईतले मॉड्युलरवाले